बाजारभाव

धात्रक सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,
बाजारभाव वाचताना आवाजात भाव नको.
कांदा पडला म्हणून हळहळायचं नाही,
टोमॅटो चढला म्हणून हसायचं नाही.
ऐकणारा आपापलं बघून घेईल,
तुम्ही फक्त आकडा नीट पोचवा.

अकरा वर्षं पोचवला.
महिन्याला सहा ड्यूट्या, सातवी कधीच नाही.
पहाटे पावणेपाचला द्वारका सर्कलवरून स्कूटी,
निफाडकडचा वारा ओढणीतून थेट दातात,
मग ते जाड दार, फुस्स करून मिटणारं,
लाल दिवा,
आणि जिल्ह्यात कुठे गोठ्यात, कुठे टपरीवर,
कुठे ट्रॅक्टरच्या सीटखाली
मी.
सहा वाजून पाच मिनिटं झाली आहेत, असं मी म्हटलं
की लोक घड्याळं लावून घेत.
माझा चेक तीन-तीन महिने उशिरा येई.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाही.
बरं, तक्रार म्हणूनच.

ईशाच्या दातांना तारा लावायच्या होत्या.
कॉलेज रोडच्या थंडगार खोलीत डॉक्टरांनी
कागदावर आकडा लिहून माझ्याकडे सरकवला.
मी तो मनातल्या मनात वाचला, भावाशिवाय,
तरी घसा बसला.

शेवटच्या ड्यूटीला काही झालं नाही.
हवामान कोरडं राहील, असं वाचलं,
लॉगबुकात वेळ लिहिली, सही केली.
धात्रक सर काचेपलीकडून हात हलवत होते.
मला वाटलं, निरोप.
ते सांगत होते, माईक अजून चालू आहे.
म्हणजे माझी खुर्ची मागे सरकली
ते सगळ्या जिल्ह्यानं ऐकलं असणार.

आता मोहाडीच्या पुढे, द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये.
कागदपत्रं आणि शेतकरी संपर्क.
पगार एक तारखेला. पीएफ. कंपनीचा स्वेटर.
शीतगृहाचं दारही तसंच जाड,
तसंच फुस्स करतं.
पहिल्यांदा आत गेले तेव्हा
सवयीनं घसा खाकरला.
समोर नुसत्या पेट्या, रॉटरडॅमला निघालेल्या.

फेब्रुवारीत खेडगावचे विधाते आले.
तीन एकर बाग, अठरा मिलिमीटर मणी, रंग देखणा.
रिपोर्ट एका औषधापाशी अडला होता.
एक्स्पोर्टला चालणार नाही, लोकलच्या भावात घेऊ,
असं साहेबांनी ठरवलं आणि म्हणाले,
मॅडम, तुम्ही सांगा. तुमचं ऐकतात.

मी सांगितलं.
शब्द तोडून, पूर्णविरामाला थांबून,
हळहळ नाही, काही नाही.
विधात्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.
ताई, तुम्ही त्या रेडिओवरच्या ना?
हो म्हटलं.
मग असंलच तसं, म्हणाले,
आणि कागद न वाचता सही केली.

रिपोर्ट खरा होता. रात्री तीनदा काढून पाहिला,
तिन्ही वेळा खरा.
भाव तेवढा साहेबांचा होता.
त्याच सकाळी कंपनीच्या बसमध्ये मी ऐकलं होतं,
माझ्या जागेवरची ती नवी मुलगी
चार रुपये जास्त सांगत होती.

मला हे माहीत होतं, आकडा पोचवताना.

ईशा हल्ली तोंडावर हात धरून हसते.
तारा दिसतात म्हणे.
मी म्हणते, दिसू दे, एक तारखेच्या आहेत.

आणि ती मुलगी बरी वाचते.
पिंपळगावच्या ळ-वर जरा घसरते, पण वाचते.
आज बस ओझरच्या पुलाखाली असताना ती म्हणाली,
सात वाजून दहा मिनिटं झाली आहेत.
माझ्या घड्याळात आठ.
ड्रायव्हर बघत नाहीसं पाहून
मी दोन मिनिटं पुढे केली.